गाडीचा गुडघा

हौशीराम तात्यांची मोठी काळी गाडी हायवेवरून वळून गॅरेजात शिरली, तेव्हा दिलावर चहाचा कप घेऊन दारातच उभा होता. गाडीची मागची डावी बाजू इतकी खाली गेली होती की चाक पत्र्यात घुसल्यासारखं दिसत होतं. दिलावरने कप खाली ठेवला आणि आधी मनापासून हसून घेतलं.

"काय तात्या, मागं एका बाजूला गुळाच्या ढेपा भरल्यात का?"

"हस, तू बी हस," तात्या उतरत म्हणाले. "समद्या मंचरनं हसून घेतलंय. बटाट्याच्या लिलावाला गेलो तर हमाल इचारतोय, गाडी उकिडवी का बसलीया म्हणून."

दिलावर मूळचा जुन्नरचा. त्याचे वडील तिथे जिपा दुरुस्त करायचे आणि तात्यांची पहिली जीपही त्यांच्याच हातची. दिलावरने मंचरच्या बाहेर हायवेला गॅरेज टाकलं, तरी तात्यांनी मिस्त्री बदलला नाही. घोडेगाव रस्त्याच्या आपल्या वाडीतून ते ट्रॅक्टर आणायचे, पाण्याची मोटर आणायचे, एकदा तर मिक्सर घेऊन आले होते. दिलावर प्रत्येक वेळी चिडायचा आणि प्रत्येक वेळी दुरुस्त करून द्यायचा. मंचरात आपल्याइतकं गाडीतलं कुणाला कळत नाही असं त्याचं ठाम मत होतं, आणि ते तो विचारल्याशिवायही सांगायचा.

ही गाडी मात्र वेगळी होती. तात्यांचा मुलगा अमृत चाकणला कंपनीत आहे. त्याने ती वापरलेली, पण चांगली पाहून वडिलांसाठी घेतली होती. चारही चाकांना ताकद मिळणारी, डोंगरात चढणारी. हिला लोखंडी स्प्रिंगा नव्हत्या. प्रत्येक चाकावर जाड रबराचा हवेचा फुगा, त्याला गॅरेजात बलून म्हणतात, आणि एक कॉम्प्रेसर त्यात हवा भरायचा. आत एक बटण होतं. ते दाबलं की हवा सुटून गाडी खाली बसायची, पुन्हा दाबलं की उठून उभी राहायची. वाडीतली पोरंठोरं ते बघायला जमायची.

"रात्री नीट उभी करतो, सकाळी डाव्या पायावर बसलेली," तात्या म्हणाले. "चालू केली की उठती. पन उठायला रोज जास्त येळ लावती, आज तर हितवर येऊस्तवर बी उठली न्हाई."

"हवा गळतीय कुठंतरी. काढतो शोधून. त्यात काय!"

"रविवारच्या आत काढ. अमृत येतोय. समदं हवेचं काढून स्प्रिंगा टाकतो म्हनतोय. पुण्याच्या कारागिराला सांगून बी ठिवलंय त्यानं."

"बरोबर बोलतोय की. स्प्रिंग टाकली की कायमची किटकिट मिटली."

"स्प्रिंगची गाडी खाली बसती का?"

"ती कशाला बसंल?"

"मग मला नगं ती." तात्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि जवळ आले. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण आता कानाशी लागल्यासारखा बोलायला लागला. "दिलावर, काकीला चढवत न्हाई रं."

तात्यांच्या बायकोचे, बयाबाईंचे, दोन्ही गुडघे गेले होते. जीप उंच पडायची. अमृतची छोटी गाडी इतकी बुटकी, की आत बसलं की उठता यायचं नाही. तात्यांनी एकदा पायाखाली स्टूल ठेवलं, तर बाईंनी ते अंगणाच्या कडेला भिरकावलं. लोकांसमोर पाटावर चढायला मी काय नवरी आहे का, म्हणाल्या. या काळ्या गाडीचं मात्र सगळं जमून आलं होतं. तात्या बटण दाबायचे, गाडी खाली बसायची, बयाबाई पाठमोऱ्या होऊन सीटवर टेकायच्या आणि हाताने एकेक पाय उचलून आत घ्यायच्या. लोक म्हणायचे, तात्या गाडीची ऐट दाखवतायत. तात्या म्हणू द्यायचे.

आणि दर बुधवारी गाडी निघायची ती पिंपळवंडीला. ते बयाबाईंचं माहेर. थोरली बहीण भागू तिथे असते. तिला आता डोळ्यांनी दिसत नाही आणि धाकटीशिवाय ती दुसऱ्या कुणाचा हात डोक्याला लावू देत नाही. बयाबाई जाऊन तिचं डोकं धुवायच्या, तेल घालायच्या, वेणी घालायच्या. दोघी बहिणी मिळून कुणाकुणाला नावं ठेवायच्या आणि संध्याकाळी बयाबाई परत यायच्या.

"मग अमृतला सांगा की सरळ," दिलावर म्हणाला.

"सांगितलं तर लगीच उचलून न्हेईल. डाक्टर, आपरेशन, मंग माझ्यापाशीच ऱ्हा. वाईट न्हाई त्याचं, लई जीव हाय आईवर. पन ही म्हनती, आक्का हाय तवर माझ्या गुडघ्याला कुनी हात लावायचा न्हाई. मला शपथ घातलीया. अन् आता तू आयकलंस, म्हंजी तुला बी पडली ती."

दिलावरला न मागता शपथ मिळाली. तो नुसता "बरं" म्हणाला, पण आता ही गळती त्याच्या घरचीच झाली होती.

गाडी जॅकवर घेऊन तो खाली शिरला आणि लगेच विजयी मुद्रेने बाहेर आला. मागच्या डाव्या चाकाच्या आत सगळीकडे तेलाचा थर होता, त्यावर धूळ बसून काळी पुटं झाली होती.

"शॉकअप फुटलाय," त्याने जाहीर केलं. "तेल गळून त्याच बलूनवर पडतंय. बघितल्या बघितल्या कळलं मला."

शॉकअप काढला. दाबून पाहिला, उलटा करून पाहिला. तो ठणठणीत होता, आतलं तेल थेंबभरही बाहेर आलेलं नव्हतं. दिलावरने तो मुकाट्याने परत लावला. तेल मग कुठून आलं, हा प्रश्न त्याला पडायला हवा होता. पण चुकीचं बोलून बसलेल्या माणसाला तो विषयच नको असतो. आधीच्या कुणा अडाणी मिस्त्रीने सांडलं असेल, असं त्याने स्वतःला पटवलं.

मग मात्र तो शिस्तीने मागे लागला. कॉम्प्रेसर तपासला, चांगला होता. हवा वाटून देणाऱ्या व्हॉल्व्हवर त्याचा संशय होता, म्हणून त्याने तिथले डाव्या-उजव्या चाकांचे पाइप अदलून लावले आणि गाडी तशीच ठेवून दिली. व्हॉल्व्ह खराब असता तर दुसऱ्या दिवशी उजवी बाजू बसली असती. सकाळी येऊन चाकावरचं अंतर वितीने मोजलं, तर बसली होती ती डावीच. म्हणजे दुखणं व्हॉल्व्हमध्ये नव्हतं, त्याच्या पुढे होतं. पाइप पाण्याच्या बादलीत बुडवला, तर एकही बुडबुडा नाही. आता उरला फक्त बलून.

बलून तपासायची रीत पंक्चरवाल्याचीच. साबणाचं पाणी फासायचं, जिथे हवा निसटते तिथे फेस फुगतो. दिलावरने ब्रशने पाणी फासलं. वरून, खालून, कडेने. पाणी ओघळून गेलं. फेस नाही, बुडबुडा नाही, काही नाही. साबण बदलला, ब्रश बदलला, शिवी बदलली. बलून जसाच्या तसा.

"मला वेडा करणार ही," तो गाडीला म्हणाला, आणि पाना आपटून जेवायला घरी गेला. घर गॅरेजच्या मागेच होतं.

घरात त्यांची दखनी चालायची, पण दिलावरला सुनावायचं असलं की त्याची बायको ताहेरा मराठीवर यायची. आज ती भाकरी वाढता वाढता थांबली आणि मराठीतच म्हणाली, "बयाकाकी आल्या होत्या का गॅरेजवर?"

"नाही. का?"

"मग हाताला हा वास कसला?"

"डिझेलचा. दुसरा कसला असणार?"

"डिझेल तुमच्या नाकात आहे, हाताला नाही." तिने फळीवरची बाटली आणून त्याच्या नाकाशी धरली. निरगुडीचा पाला, लसूण आणि ओवा तिळाच्या तेलात कढवून बयाबाई दर थंडीत ते तेल करायच्या आणि एक बाटली ताहेराच्या कंबरेसाठी न चुकता धाडायच्या. दिलावरने बाटली हुंगली, मग हात हुंगला. पुन्हा बाटली, पुन्हा हात. वर्षानुवर्षं डिझेलमध्ये मुरलेल्या त्याच्या नाकालाही ते कळलं.

"आधी हात धुऊन या. असल्या हाताने भाकरी मोडू नका."

तो मोरीत गेला. साबण हातावर चोळला. फेस आला नाही. हात तेलकट होते, साबण नुसता सरकत होता. दुसऱ्यांदा चोळला तेव्हा कुठे फेस धरला. दिलावर ते हात पुढे धरून तसाच उभा राहिला.

"ताहेरा, भांड्यांचा साबण दे! आणि गरम पाणी. बादलीभर."

"आणि भाकरी?"

"झाकून ठेव!"

"भाकरीही झाकायची, भाजीही झाकायची, सगळं झाकून मी बसून राहायचं," ताहेरा म्हणाली, पण पाणी तापवायला ठेवलं.

बलून भांड्यासारखा घासला. काळी पुटं गेली, तेल गेलं, रबर कोरडं झालं. मग गाडी उठवून पार वरच्या उंचीला नेली, तसा बलूनचा खालचा घडीचा भाग ताणून उघडा पडला. तोही घासला. त्यावर साबणाचं पाणी फासलं, आणि भाताला आधण येताना येतात तसे बारीक बुडबुडे एका रेषेत उठायला लागले. केसाएवढी चीर होती, घडीत लपलेली. इतके दिवस तेलाने तिथे फेस धरूच दिला नव्हता. दिलावरने आनंदाने चाकावर थाप मारली. एकच बलून बदलायचा होता, बाकी गाडी ठणठणीत. त्याने लगेच पुण्याला फोन लावून बलून मागवला.

पण ते तेल? त्याचा जाब विचारायलाच हवा होता. ऊन उतरायला लागलं तसा तो मोटरसायकल काढून वाडीवर गेला. तात्या शेतात होते. बयाबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या.

"काकी, गाडीला तेल कोण लावतं?"

बयाबाईंनी मान वर केली नाही. "कसलं त्याल?"

"निरगुडीचं."

लसणाच्या पाकळ्या सुपात पडत राहिल्या. मग त्या हळूच म्हणाल्या, "त्यांना बोलला न्हाईस ना?"

"अजून न्हाई."

"रोज सकाळी बघती मी तिला. त्याच पायावर बसलेली. माझा बी डावाच जास्त दुखतो. अन् उठताना कशी कण्हती, तू आयकलंयस का? मला ठावं हाय तसलं उठनं. माझ्यापायी बसती, उठती, भागूच्या दारात पुन्ना बसती, पुन्ना उठती. कुनाचा बी गुडघा जाईल की रं. म्हनलं, मला लावती तेच त्याल, तिला बी लावावं. काठीला चिंधी गुंडाळली, चाकाशेजारी स्टूल घिऊन बसली, हे अंघोळीला गेलं की."

"स्टूल? ते तर तुमी फेकलं व्हतं ना?"

"चढायला फेकलं व्हतं. बसायला परत आनलं."

दिलावर रागावायची सगळी वाक्यं रस्त्यात जुळवून आला होता. रबराला तेल लावायचं नसतं, रबर खराब होतं, मला उगाच नाचवलंत, सगळं. त्यातलं एकही त्याच्या तोंडून बाहेर पडेना. आपल्या आईची त्याला फार आठवण आली, आणि या बाईविषयी इतकी माया दाटून आली की तो उगाच अंगणाकडे बघत राहिला.

"मग मीच बिघडवली का रं तिला?" बयाबाईंनी विचारलं. आवाज पार खाली गेला होता.

"न्हाई काकी. चीर जुनी हाय. रबर म्हातारं झालं की घडीत तडकतंच. तुमी नुसती झाकून ठिवली." तो ओट्याच्या कडेला टेकला. "पन आता त्याल नगं. रबराला सोसत न्हाई."

"मग तिला काय सोसतं?"

"नुसतं पानी मारून पुसायचं."

"पुशीन मग." त्यांना जरा धीर आला. "अन् अमृत? तो स्प्रिंगा टाकनारच म्हनतोय. तसं झालं तर बुधवार गेला माझा. भागू केस मोकळं सोडून बसंल रं. सुनंला बी हात लावू देत न्हाई ती."

"बघतो मी," दिलावर म्हणाला. काय बघणार, ते त्याला माहीत नव्हतं. निघताना बयाबाईंनी ताहेरासाठी तेलाची बाटली दिली, आणि ती मात्र गाडीला लावू नकोस म्हणाल्या.

बलून आला, बसला. रविवारी सकाळी दिलावरने चारही चाकांवर वीत लावून पाहिली. गाडी चारी पायांवर सारखी उभी होती. एवढ्यात अमृतची छोटी गाडी आली. आईवडिलांनाही तो बरोबर घेऊन आला होता. तात्या उतरले. बयाबाई मात्र आतच बसून राहिल्या आणि पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या. ते शोधणं बराच वेळ चाललं. अमृत दिलावरशी बोलण्यात गुंतला, तेव्हा त्या दाराला धरून, ओठ मिटून बाहेर आल्या. दिलावरने ते पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"भाऊ, काम चांगलंच केलंय तुम्ही," अमृत म्हणाला. "पण आज डावा गेला, उद्या उजवा जाईल. मला रोज चाकणहून धावत येता येत नाही. श्रावणात हे दोघं भीमाशंकरला जातात. घाटात पावसात गाडी बसली, तर आई काय करेल? मला कामावर चैन पडत नाही. स्प्रिंग टाकली की मी मोकळा."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पोरगा आईच्याच काळजीने बोलत होता. आणि दिलावरच्या मानेवर शपथ बसली होती.

"स्प्रिंगनं गाडी दणके देती," तो म्हणाला.

"थोडेफार देईल."

"तात्यांचं पोट हलंल."

"हलू द्या की, कमी होईल."

"अन् मंचरात बसती गाडी एकच हाय, राव. गावाची शान हाय ती."

अमृत हसायला लागला. "भाऊ, शानेसाठी कोण हवा भरत बसतं?"

मंचरातल्या सगळ्यात हुशार मिस्त्रीची अक्कल तिथेच संपली. तात्या जमिनीकडे बघत होते. बयाबाई हायवेवरच्या ट्रककडे असं बघत होत्या, की जणू त्यांना त्यातलाच एखादा विकत घ्यायचा आहे.

काढलेला जुना बलून बाकावर पडला होता. चीर कुठे आहे ते बघायला अमृतने तो उचलला आणि तोंडाजवळ नेला. दिलावरने तो चिरेच्या बाजूने घासला होता, पण मागच्या घडीतला जुना थर तसाच राहिला होता. अमृत थांबला. बलून पुन्हा नाकाशी नेला.

तो लहान असताना त्याच्या आजोबांना अंथरुणातून उठवत नव्हतं, तेव्हा हीच निरगुडी, हाच लसूण, हाच ओवा रोज सकाळी घरभर दरवळायचा. आईचे हात तेलाने पिवळे असायचे. ते तेल कशाचं असतं आणि कुणाला लागतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याने आईकडे पाहिलं. ती ट्रककडेच बघत होती, एका हाताने गॅरेजचा खांब धरून, सगळा भार उजव्या पायावर टाकून. त्याने आपल्या छोट्या गाडीच्या उघड्या दाराकडे पाहिलं, मग बापाकडे. तात्यांनी मान आणखी खाली घातली.

अमृतने बलून बाकावर ठेवला आणि काळ्या गाडीचं दार उघडलं.

"तात्या, हिला खाली बसवायचं बटण कुठलं?"

तात्यांनी चमकून वर पाहिलं. मग पुढे होऊन बोट दाखवलं. अमृतने बटण दाबलं. फुस्सकन हवा सुटली आणि गाडी चारी बाजूंनी सारखी, सावकाश खाली बसली. कण्हली नाही.

"आई, बस तू आत," अमृत म्हणाला. "पिंपळवंडीला मावशीला भेटून येऊ. मी जरा पुण्याला कळवतो, येत नाही म्हणून."

मोबाइल कानाला लावून तो रस्त्याच्या कडेला गेला आणि गाडीकडे पाठ करून उभा राहिला. जोरजोरात बोलू लागला. हो, हो, नको, स्प्रिंग राहू द्या, पुन्हा कधीतरी, नाही नाही, तुमची काही चूक नाही. मागे बयाबाई पाठमोऱ्या होऊन सीटवर टेकल्या. डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. जरा दम खाल्ला. मग उजवा घेतला, पदर सारखा केला. अमृत बोलतच होता. दिलावर त्याच्या जवळून बादली आणायला गेला, तेव्हा त्याला दिसलं की फोनचा पडदा काळा आहे. पलीकडे कुणीच नव्हतं.

"झालं का रं तुझं बोलनं?" बयाबाईंनी आतून हाक मारली.

"झालं, आई. तुझं झालं का?"

"माझं काय व्हायचंय? मी कवाची बसलीया."

अमृतने डोळ्यांवरून बाही फिरवली, फोन खिशात टाकला आणि येऊन गाडी उठवली.